राघोजीराव शहापूरकर यांनी मुरबाडचा संगणक आणून टीव्हीच्या तख्ती बसविला त्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न. विजेच्या देवतेस, तारांच्या गुंत्यास आणि गृहस्वामिनीच्या धाकास त्रिवार वंदन करून ही हकीकत लिहावयास घेतली असे. थोरांच्या स्वाऱ्या लिहावयास भाट पुष्कळ. वायरमनाची स्वारी लिहावयास कोणी दौत उघडीत नाही, आणि मग नातवंडे विचारतात की हे खोके घरात आले कैसे. सबब कोणी न पुसतां, ऐकिले तैसे, पदरचे मीठ बेताने घालून निवेदन करितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, भाताची झोडणी आटोपून पेंढा रचून झाला होता, ते समयी हे वर्तमान घडले.

कसबे शहापूर येथे राघोजीराव नामे वायरमन राहात असत. वय बावन्न. किन्हवलीपासून डोळखांबापावेतो विजेचा ऐसा खांब नाही ज्यावर हे चढले नाहीत, आणि वादळात तार तुटली की रयत प्रथम देवाचे नाव घेई आणि मग यांचे. ऐसा बहाद्दर, परंतु काळजात एक काटा रुतला होता आणि तो एकोणचाळीस वर्षे सलत होता.

त्याचा करीना, म्हणजे मागील हकीकत, ऐसी की, राघोजीराव मुरबाडच्या एका शाळेत आठवीत असतां तेथे सरकारातून संगणक आला. रुंदी परातीएवढी, रंग पिवळट, माथ्यावर कळांची फौज उभी, आणि पोटात अक्कल किती म्हणाल तर हल्लीच्या मनगटी घड्याळाने हसावे. परंतु ते समयी दरारा बादशाही. त्यास निराळी खोली, खिडक्यांस पडदे, दारी कुलूप, आणि चपला बाहेर काढून, हात धुवून, दर गुरुवारी हजेरीच्या क्रमाने पाच पाच मुलांनी आत जावे, आपले नाव कळांवर दाबावे आणि पडद्यावर उमटलेले पाहावे, ऐसा शिरस्ता. राघोजींचा क्रमांक एकेचाळीस. चाळिसांपर्यंतची पोरे आपापले नाव पाहून आली, आणि आलेले पोर आठवडाभर जमिनीस पाय लावीना. मग राघोजींचा गुरुवार उजाडला, आणि ते इस्त्रीचा सदरा घालून, कपड्यांच्या साबणाने हात चोळचोळून दारी उभे राहिले, तो वर्तमान कळले की संगणक जाणणारे एकुलते एक मास्तर बदली होऊन गेले आणि मागे कोणाची यंत्रास हात लावण्याची छाती नाही. दारावरील शिपाई भिमाजी यांनी हुकूम सुनावला की पुढील गुरुवारी यावे. तो गुरुवार काही आला नाही. पुढे संसार झाला, नोकरी झाली, घरी पोरांचे संगणक आले, मोबाइल आले, परंतु राघोजीरावांस त्यांचे काही वाटेना. नाव पाहावयाचे ते त्याच यंत्रावर, हा हट्ट मनात धरून बसले.

ऐसे असतां वाशिंदचे सुनिलराव, टीव्ही दुरुस्तीच्या विद्येत निपुण आणि राघोजीरावांचे जिवलग, यांनी खबर आणिली की शाळेने अडगळ काढली तेव्हा तो संगणक भिमाजींनी उचलून नेला आणि अद्याप त्यांचे घरी सुखरूप आहे. खबर ऐकताच राघोजीरावांनी पुढ्यातील भाकरी अर्धी टाकिली.

परंतु मसलतीत एक अडचण निघाली. या संगणकास स्वतःचा पडदा नाही, तो दुसऱ्याचे टीव्हीवर तोंड दाखवितो, आणि घरचा भिंतीवरील टीव्ही हा राघोजीरावांच्या पत्नी कमळबाईसाहेब यांचा खासगी मुलूख, शिवणयंत्रावर परकर-पोलकी शिवून स्वकष्टे संपादिलेला. मग राघोजीरावांनी हात जोडून अर्जी गुदरली, आणि बाईसाहेबांनी मशीनचे चाक न थांबवितां फर्मान सोडिले की, टीव्ही एका रविवारापुरता दिला, सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत. तितक्यात चित्र दिसले तर उत्तम, न दिसले तर खोके भंगारवाल्याचे गाडीवर चढवावे आणि पुन्हा या घरात संगणकाचे नाव काढू नये. वर तोंडी ताकीद निराळी दिली, "आनि माज्या टीव्हीला कायबी झाला ना, तं तुमाला पन त्याच गाडीवर बसवीन." राघोजीरावांनी शर्त मान्य केली, कारण दुसरा इलाज नव्हता.

शनिवारी प्रातःकाळी कूच जाहले. राघोजीराव दुचाकीवर पुढे, सुनिलराव गोधडी घेऊन मागे, ऐसी उभयतांची फौज किन्हवलीवरून निघाली, सरळगावी चहाचा मुक्काम केला, आणि मग मुरबाड गाठून भिमाजींचे अंगणात दाखल झाली. भिमाजी आता सत्तरीस आलेले, नजर अंमळ मंद. त्यांनी राघोजीरावांकडे पुष्कळ वेळ पाहिले आणि बोलले, "तू एकेचाळीस नंबरचा ना रे? साबनाचा वास येत व्हता तुज्या हाताला. मी काय करनार व्हतो सांग, चावी माज्याकडं, पन अक्कल मास्तरांकडं." हे ऐकून राघोजीरावांचे मनात भिमाजींविषयी जो जुना राग होता तो तेथेच अंगणात उतरला.

मग माजघरातून यंत्र बाहेर आणिले. भिमाजींनी ते कधी चालविले नव्हते, परंतु सांभाळिले ऐसे की धूळ म्हणून नाही. दर दसऱ्यास कोयता, विळा, कुदळ यांचे शेजारी पाटावर मांडून हळदकुंकू आणि झेंडू वाहून पूजा करीत आले होते. मोल काय घ्यावे यावर ते काही बोलेनात. शेवटी तह ठरला की राघोजीरावांनी त्यांचे घरातील जुनी वायरिंग नवी करून द्यावी, दसऱ्याची पूजा मोडू नये, आणि यंत्र जिवंत होईल ते समयी भिमाजींस हजर राहू द्यावे. मग संगणक गोधडीत गुंडाळून, सुनिलरावांचे मांडीवर बसवून, खड्डे चुकवीत चुकवीत स्वारी शहापुरी परतली.

रविवारी उजाडतांच युद्धास तोंड लागले. भिमाजी पहिल्या एसटीने येऊन खुर्चीवर विराजमान झाले. जुन्या यंत्राची बोली नव्या टीव्हीस उमजत नाही, सबब मध्ये दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी, सुनिलरावांनी कल्याणहून आणिलेली. त्या डबीस एका अंगाने संगणक जोडिला, दुसऱ्या अंगाने टीव्ही जोडिला, नारळ फोडिला, आणि राघोजीरावांनी बटण दाबिले, तो यंत्राचे पोटातून पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि दुर्गंधी ऐसी सुटली की शेजारच्या आळीतून विचारणा झाली. घरातील वीज गेली ती निराळीच. ज्यांनी तालुक्याचे फ्यूज बसविले त्यांचे स्वतःचे घरचा फ्यूज उडाला, आणि कमळबाईसाहेब मशीनवरून मान वर करून इतकेच बोलल्या, "झाली का पूजा?"

सुनिलरावांनी यंत्र उघडून पाहिले, एक जुना भाग फुटला होता तो काढून नवा बसविला, आणि दोन प्रहरी पुन्हा वीज सोडिली. या खेपेस यंत्राने दोन स्वर काढिले, एक खाली, एक वर. राघोजीरावांनी उडी मारिली. परंतु टीव्हीवर पाहावे तो निळा पडदा आणि त्यावर सिग्नल नसल्याचा मजकूर. तार बदलिली, निळा पडदा. दुभाषा उलटा जोडिला, निळा पडदा. रिमोटवरील एकूण एक बटण दाबून झाले, तेव्हा टीव्ही गुजराती बोलू लागला, आणि तो पुन्हा मराठीत आणावयास एक घटका मोडली. यंत्र आतून हाक देई आणि तोंड दाखवीना. ऊन अंगणातून कुंपणावर गेले, कुंपणावरून आंब्यावर चढले, आणि मग सुनिलरावांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेविला.

"राघोदादा, आवाज हाय, पन चित्र काढनारा भागच मेलाय. आता नाय व्हायचा. सोडून दे."

राघोजीराव एकेक तार काढून गुंडाळू लागले. जो पुरुष पावसात खांबावर चढतां कधी डगमगला नाही, त्याने आपले तोंड कोणास दिसू नये म्हणून सभेकडे पाठ केली होती. परंतु तीस वर्षांचा संसार, पाठीवरूनही कळते. कमळबाईसाहेबांस कळवळा आला. मुदत सरावयास अवघा थोडा अवकाश उरला असतां त्या मशीनवरून उठल्या, नाकावरचा चष्मा नीट केला आणि यंत्र फिरवून त्याची मागील बाजू उजेडाकडे धरिली.

"अवो, ही वायर जाते ती भोका कुठली?"

राघोजीरावांनी बोट दाखविले. चित्र बाहेर पडावयाचे ते एक गोल छिद्र. तार त्यात पुरती बसत नव्हती हे दोघांही जाणत्यांस सकाळपासून ठाऊक होते, परंतु जुन्या वस्तूची खोड समजून ते दाबून दाबून बसवीत होते. बाईसाहेबांनी पोलक्याची टाचणी काढून आत फिरविली, तो हळदीने पिवळा झालेला तांदळाचा दाणा बाहेर आला. मागून दुसरा. मागून कुंकवाचा खडा. मग आणखी दाणे. सर्व सभा भिमाजींकडे पाहू लागली.

भिमाजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. "अरे, सगल्या हत्यारांना तोंड असतं, कोयत्याला धार असते. याला तोंड कुठं तं मागं गोल दिसला. म्हनून दर दसऱ्याला एकेक अक्षत भरवली. उपाशी कसा ठेवनार?"

इतकी वर्षे ते यंत्र भरल्या तोंडाने बसले होते. सुनिलरावांनी कपाळास हात लाविला, राघोजीराव हसावे की रडावे या विचारात पडले, आणि बाईसाहेबांनी टाचणीने शेवटचा कण काढून, तोंडाने फुंकर मारून हुकूम दिला की लावा.

तार टक् ऐसा आवाज करून पुरती आत बसली. वीज सोडिली. यंत्राने आपले दोन स्वर काढिले, दुभाषा मध्यस्थीस उभा राहिला, आणि टीव्हीचे निळे राज्य बुडून काळाभोर पडदा पसरला, त्यावर पांढरी अक्षरे उमटली आणि त्याखाली एक लहानशी रेघ उघडझाप करू लागली. ऐसे वाटले की ती कोणाची तरी वाट पाहते. राघोजीराव एकाएकी उठून मोरीत गेले आणि साबणाने हात धुवून आले. मग मांडी घालून बसले आणि एका बोटाने, कळ शोधून शोधून, इंग्रजी अक्षरांत 'राघो' हे आपले नाव दाबिले. पाच अक्षरे. ती पडद्यावर एकामागून एक उभी राहिली, आणि राघोजीरावांचे डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते त्यांनी पुसिलेही नाही.

मग पूर्वी कोणा पोरास जे धाडस झाले नव्हते ते त्यांनी केले. कडेची मोठी कळ दाबून आपले नाव यंत्राचे हुजुरात अर्पण केले. यंत्राने ते नावही हुकूम समजून, क्षणाचा विलंब न लावितां खालील ओळीत जबाब लिहिला. मिस्टेक.

मग कमळबाईसाहेब पदर तोंडास लावून बोलल्या, "बराबर वळखला गो बाय यानं! मला तीस वर्सा लागली." आणि हास्याचा ऐसा कल्लोळ उठला की भिमाजींस ठसका लागला आणि सुनिलराव भिंतीस टेकले. राघोजीराव सर्वांहून मोठ्याने हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी उठून आपली जागा बाईसाहेबांस दिली आणि म्हणाले, "कमळ, बस. आता तुजी पाळी." बाईसाहेबांनी नको नको म्हणत हात पुसिले, आपले नाव दाबिले, मोठी कळ दाबिली. यंत्राने त्यांसही तोच जबाब दिला. सर्वांच्या नजरा राघोजीरावांकडे वळल्या. ते छताकडे पाहात राहिले आणि तोंडून शब्द काढिला नाही. ऐसा मुत्सद्दी या प्रांती दुसरा नाही.

येणेप्रमाणे मार्गशीर्षातील त्या रविवारी, मुदतीचे आत, मुरबाडचा संगणक शहापुरी टीव्हीचे तख्ती बसला; तख्त बाईसाहेबांचे, विजय राघोजीरावांचा, चूक दोघांचे नावे लागली. भंगारवाल्याची गाडी दारावरून रिती गेली. यास साक्ष सुनिलराव वाशिंदकर आणि भिमाजी मुरबाडकर. दिवेलागण झाली, मालिकेची वेळ भरली, तारा निघाल्या, आणि स्वारी जेवावयास बसली.