दोरा बांधलेली दुनळी

"नळी जमिनीकडे!"

हा माझ्या बाबांचा आवाज. मी चार-पाच वर्षांचा असेन. हातात केळं होतं. ते सोलायच्या आधी मी त्याचं टोक आत्याकडे रोखलं आणि "ठो!" म्हणालो. आत्यानं हौसेनं छातीवर हात ठेवून मरायला सुरुवातही केली होती! तेवढ्यात पाठीमागून तो आवाज आला. मोठा नव्हता. विहिरीच्या तळाशी कुणीतरी बसलंय आणि तिथूनच सांगतंय, असा. आत्या मरता मरता थांबली. मी केळं खाली केलं. पुढे कितीतरी दिवस मी केळं खाल्लं नाही.

बाबा एका गोदामावर बंदूकधारी पहारेकरी होते. त्यामुळे आमच्या घरात काठी, छत्री, झाडू, सगळ्यांची नळी जमिनीकडे! टीव्हीवर कार्टून लागायचं. अस्वल बोक्यावर बंदूक झाडायचं, बोक्याचं तोंड काळंठिक्कर, मिशांतून धूर. बोक्यानं दोनदा डोळे मिचकावले की झाला टुणटुणीत! आम्ही पोरं लोळून हसायचो, आणि आमच्यात सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो काका. बाबा मात्र उठून गॅलरीत जायचे.

"अरे दादा, बस की!" काका ओरडायचा. "बघ, उठला तो परत!"

काका लंगडायचा. का, ते त्यालाच विचारावं! एकदा सायकलवरून पडला होता, एकदा बैलानं उडवलं होतं, एकदा एका राजकन्येनं सज्ज्यातून ढकललं होतं. आम्ही "गोष्ट सांग" म्हटलं की तो पायाची नवी गोष्ट सांगायचा. बाबा तेव्हाही गॅलरीत जायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना गॅलरी आवडते.

आता माझ्याबद्दल. विनय मला जमत नाही, म्हणून सरळच सांगतो: मी सिनेमासाठी नकली वस्तू बनवतो, आणि माझ्यासारख्या कुणी बनवत नाही! माझ्या स्पंजच्या विटा बघून गवंडी फसलाय. मेणाच्या सफरचंदाला लेखकानं कडकडून चावा घेतलाय. म्हणून दिग्दर्शक जेव्हा म्हणाला, "दहा-बारा दुनळी बंदुका लागतील, अगदी खऱ्यासारख्या," तेव्हा मी म्हणालो, "साहेब, खरी शेजारी ठेवा. ती लाजून मान खाली घालेल!"

पण खऱ्यासारखी करायची तर खरी समोर हवी. बाबांची होती. बाबा चार दिवस काकाकडे राहायला गेले होते आणि कपाटाची किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे होती. निवृत्तीपासून ती बंदूक कुणी हातात घेतली नव्हती. रिकामी होती. आई म्हणायची, काकू म्हणायची, सगळे म्हणायचे: "रिकामी आहे रे ती."

मी कपाट उघडलं. जुन्या चादरीत गुंडाळून ती कोपऱ्यात उभी होती, शिक्षा झालेल्या पोरासारखी तोंड भिंतीकडे करून. नळी जमिनीकडे. का कोण जाणे, मी तिला "चल" म्हणालो. मोठ्यानं.

कारखान्यात मी जीव ओतला. नळीला लोखंडी पाइप, दस्त्याला सागवान, पोटात वाळू भरून वजन अगदी तेवढंच. हाताला तसाच गारवा. चाप ओढला की तोच 'टिक्'. एकच फरक राहिला: खरी मधून मोडून उघडते, माझ्या उघडत नाहीत. बाकी ओळखायची सोय नाही! म्हणून खरीच्या दस्त्याला काळा दोरा बांधला आणि ती वेगळ्या कोपऱ्यात ठेवली.

सकाळी टेम्पोवाला आला. त्यानं सगळे कोपरे रिकामे केले. कामसू माणूस!

मी धापा टाकत चित्रीकरणाला पोचलो तेव्हा बाहेर रणरणतं ऊन आणि आत अंधार. मधोमध दाताच्या डॉक्टरची बाहेरची खोली उभारलेली. प्रसंग विनोदी होता: वाट बघणारे सगळेच पेशंट खरे तर दरोडेखोर. गाल सुजलेले, जबड्याला पांढऱ्या पट्ट्या, डोक्यावर गाठी, सशाच्या कानांसारख्या. रांगेनं खुर्च्यांवर बसलेले, गप्प, आणि प्रत्येकाच्या मांडीवर दुनळी. पट्ट्यांमुळे बोलता येत नव्हतं, म्हणून मी आत आलो तशी सगळी तोंडं नुसती माझ्याकडे वळली. तोंडांबरोबर नळ्याही.

मी दस्ते बघितले. काळा दोरा. काळा दोरा. सगळ्यांना काळा दोरा!

"कुणी बांधले हे?" माझा आवाज चिरकला.

"मी!" सातत्य सांभाळणारी ताई फुशारून म्हणाली. हिचं काम असं की आधीच्या शॉटमध्ये बटण उघडं असेल तर पुढच्यातही उघडं हवं. "एकाच बंदुकीला दोरा, बाकीच्या मोकळ्या! पडद्यावर केवढी चूक दिसली असती! आभार मानायचं सोडून डोळे काय वटारतोस?"

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बाबा.

"कपाटातली कुठे आहे?"

बाबा परत आले होते! मी खरं सांगितलं. थोडं सांगितलं, थोडं गिळलं, आणि शेवटी म्हणालो, "बाबा, रिकामीच आहे ना ती?"

पलीकडे चपला घाईघाईनं ओढल्याचा आवाज. मग लांबून, त्यांच्याबरोबर आलेल्या काकाचा आवाज, "काय झालं रे दादा?" आणि फोन बंद.

खरं म्हणजे मी तिथेच ओरडायला हवं होतं. पण खरी बंदूक सेटवर आणली म्हटल्यावर माझं काम गेलं असतं, आणि पुन्हा कुणी वीटही मागितली नसती. म्हणून फडकं काढलं. "जरा पुसून देतो," म्हणत एकेक बंदूक घ्यायची, फडक्याखाली कळ दाबायची. उघडली नाही की पुढची. एका पेशंटनं तोपर्यंत नळीला हनुवटी टेकून डुलकी काढली होती. दुसरा नळीनं पाठ खाजवत होता. तिसऱ्यानं दोन्ही भोकांत पेन्सिली खोचून माझ्याकडे बघत डोळा मारला. मेकअपवालीनं एक दाराला अडसर म्हणून लावली होती.

एकही उघडली नाही. एवढा आनंद आणि एवढी भीती मला एकदम कधीच वाटली नव्हती. माझ्या सगळ्या नकली अस्सल निघाल्या होत्या! उरली होती फक्त नायकाच्या हातातली.

"द्या, पुसतो."

"हात लावू नकोस हिला!" नायक म्हणाला. "सगळ्या बघितल्या, हिच्यासारखा तोल कुणात नाही. हे तुझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे रे!"

एवढं कौतुक माझं कुणी कधी केलं नव्हतं. आणि तेवढी एकच मी केलेली नव्हती!

"दिवे!" दिग्दर्शक गरजला. बाकीचं सगळं विझलं, फक्त ती पांढरी तोंडं उजळली. नायक उठला. त्यानं नळीनं कान खाजवला. नळीत डोळा लावून आत बघितलं. नळी कानाला लावून "हॅलो?" म्हणाला. सगळे पोट धरून हसले, पट्ट्यांतून, हुं हुं हुं, गोठ्यात आजारी जनावरं कण्हावीत तसे. मग त्यानं बंदूक बोटावर गरकन फिरवली.

"झकास! अजून एकदा!" दिग्दर्शक.

पुन्हा गरकन. प्रत्येक फेऱ्याला नळी माझ्यावरून जायची. शेजारी शेजारी दोन काळी भोकं. शपथेवर सांगतो, मला वाटलं, ती मिचकावतायत.

"अजून एकदा! आणि या वेळी चाप ओढ!"

मी तोंड उघडलं. आवाज नाही. नायकाचं बोट चापाकडे गेलं आणि...

"नळी जमिनीकडे!"

माझा नव्हता तो. माझं तोंड अजून नुसतंच उघडं होतं. विहिरीच्या तळातून आला तो, आणि त्या सगळ्या पांढऱ्या तोंडांनी, कुणी न सांगता, एकदम नळ्या खाली केल्या. नायकानंही.

दारात उन्हाची चौकट होती आणि चौकटीत बाबा. पायात वेगवेगळ्या चपला.

"हा कोण? मी 'कट' म्हटलं का?" दिग्दर्शक किंचाळला. बाबा त्याच्याकडे न बघता चालत आले. नायकाच्या हातून बंदूक घेतली, झोपलेलं मूल दुसऱ्याच्या कडेवरून घ्यावं तशी. कळ दाबली. कड्! ती मधून उघडली. बाबांनी ती दिव्यासमोर धरली. दोन्ही नळ्यांतून दोन गोल उजेड त्यांच्या गालावर पडले.

रिकामी!

मी खुर्चीवर कोसळलो आणि हसायलाच लागलो. "बघा बाबा! उगाच जीव काढलात! रिकामीच होती!"

"त्या दिवशीही रिकामीच होती," बाबा म्हणाले.

माझं हसू तोंडातच राहिलं. "कुठल्या दिवशी?"

तोवर काका लंगडत आत पोचला होता. "दादा," तो म्हणाला, "जाऊ दे ना. ऊन किती आहे बाहेर! चल घरी."

"नाही," बाबा म्हणाले. ते बंदुकीच्या दस्त्यावरचा दोरा सोडत होते, गाठ सुटत नव्हती. "तुझा काका सायकलवरून पडला नव्हता. बैल नव्हता, सज्जा नव्हता. आम्ही सिनेमा बघून आलो होतो. पडद्यावर फिरवली तशी मी फिरवली. ही रिकामी आहे म्हणालो. हा हसत होता."

पट्ट्या बांधलेला एक जण हळूच खुर्चीवरून उठून उभा राहिला, का ते त्यालाही माहीत नसावं.

"मग विकून का नाही टाकलीत?" मी कसंबसं विचारलं.

"विकली असती तर दुसऱ्या कुणीतरी फिरवली असती," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

काका जवळ आला. त्यानं बाबांच्या हातातून दोरा घेतला आणि दातानं तोडला.

"दादा, पहिल्यांदा फिरवलीस तेव्हा काहीच झालं नव्हतं. ती नळी रिकामीच होती, नुसतं 'टिक्' झालं. तू ठेवतच होतास खाली."

"मग?"

काकानं दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"मग मी म्हणालो ना रे... अजून एकदा."