सासूबाईंचे तळवे

टिरिरी-टिंग.

बाहेरच्या दाराचं विजेवरचं कुलूप गायलं. दार लागलं की ते आपणहून गायचं, आणि त्याचा आवाज कमी कसा करायचा हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. एरवी मीरानला तो सूर ऐकूही येत नसे. पण आत्ता, पहाटे, फ्रिजची घरघरसुद्धा थांबलेली असताना तो घरभर फिरला आणि ती अंथरुणात ताडकन उठून बसली.

घरातलं कुणीतरी बाहेर गेलं होतं. शेजारी पाच वर्षांची दानबी हातपाय पसरून झोपली होती. नवरा दूरच्या गोदीत जहाजं जोडत होता, तो महिनाअखेरीशिवाय येत नसे. राहता राहिल्या सासूबाई.

सासूबाईंच्या खोलीत अंथरुणाची घडी घालून ठेवलेली. स्वयंपाकघरात मधुमेहाच्या गोळीचं वेष्टन फाडलेलं. भाताची वाटी मात्र पालथीच, कोरडी ठणठणीत. आणि टेबलाच्या कडेला ते लिमलेटचं पाकीट, जे सासूबाईंनी बाहेर जाताना कधीही विसरायचं नव्हतं. घाम फुटला, हातपाय थरथरले की पहिली ही गोळी तोंडात टाकायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणजे औषध पोटात, अन्न नाही, खिसा रिकामा.

तिच्या भीतीला कारण होतं. ओकबुनबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, तळव्यांतली जाणीव साखरेनं केव्हाच नेली होती. गेल्या हिवाळ्यात विजेवर तापणाऱ्या गादीवर त्यांची टाच भाजून निघाली, कातडं सुटलं, आणि सासूबाई दुसऱ्या दिवशी निवांत मुळे चिरत बसलेल्या. “कळलंच नाही गं मला,” एवढंच म्हणाल्या. ती जखम भरता भरता सगळा वसंत सरला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर बोट वाचेलच असं नाही, कदाचित पाऊलसुद्धा. चाला, रोज चाला, पण काहीतरी खाऊन, मोजे-बूट घालून, आणि रात्री तळवे तपासून. यातलं मीरानच्या डोक्यात फक्त ‘पाऊल’ राहिलं. तेव्हापासून ती रोज रात्री बॅटरी घेऊन सासूबाईंच्या पायाशी बसायची, एकेक बोट बाजूला करून बघायची. आणि चालण्याचं म्हणाल, तर फ्रिजपासून बाल्कनीपर्यंत आणि परत.

त्यात सातव्या मजल्यावरच्या मालसुनबाई. इमारतींच्या मागच्या टेकडीवर तांबड्या मातीची वाट केल्यापासून सगळी वस्ती अनवाणी चालायला लागली होती, आणि मालसुनबाई सर्वांत पुढे. कालच लिफ्टमध्ये म्हणत होत्या, “ओकबुन, काढ ते बूट नि उतर मातीत! माती सगळं ओढून घेते बघ. माझे गुडघे सुटले, झोप लागायला लागली, ह्यांचं घोरणंसुद्धा थांबलं.”

“काका पण चालतात का?” मीराननं विचारलं होतं.

“छे! मी चालते की.”

सासूबाई यावर काहीच बोलल्या नव्हत्या. आणि सासूबाई गप्प बसल्या की समजायचं, त्यांचं ठरलेलं आहे.

मीराननं लिमलेटचं पाकीट खिशात कोंबलं, दानबीला झोपेच्या कपड्यांतच उभं केलं आणि पायात सपाता सरकवून निघाली.

“आपण कुठे चाललोय?”

“आजीला शोधायला.”

“आजी हरवली नाहीये. फिरायला गेलीये.”

“तेच ते! चल लवकर.”

टेकडीच्या पायथ्याशी बूट ठेवायची लाकडी मांडणी होती. मीरानची नजर तिसऱ्या फळीवर गेली आणि तिथेच अडली. जांभळे बूट. जाड तळाचे, पुढून रुंद, चवड्यावर चंदेरी फूल. टीव्हीवरच्या जाहिरातीत बघून तिनंच मागवलेले. आत गुंडाळून ठेवलेले मोजेसुद्धा.

म्हणजे सासूबाई अनवाणी गेल्या होत्या.

“आई, पण ह्या बुटांवर बेडूक नाहीये,” दानबी म्हणाली.

“कसला बेडूक घेऊन बसलीस! चल म्हणते ना!” मीराननं बूट काखेत मारले. सापडतील तिथे बसवून आधी पायात घालायचे, मग बोलायचं ते बोलायचं.

वाटेवर पाऊल टाकते न टाकते तोच कर्कश शिट्टी वाजली. हातात पाण्याची नळी, गळ्यात शिट्टी, खांद्याला कर्णा. अनवाणी मंडळाचे अध्यक्ष.

“ओ बाई! सपाता!”

“अहो, माझ्या सासूबाई वर...”

“सासूबाई असोत नाहीतर महापौर. सपाता खाली! आत्ताच पाणी मारून माती लोण्यासारखी केलीये.”

वाद घालायला वेळ नव्हता. तिनं सपाता भिरकावल्या आणि मातीत उतरली. गार, बुळबुळीत माती बोटांमधून वर आली. तिला मात्र माती दिसतच नव्हती. दिसत होत्या त्या फक्त काड्या, खडे, मुळांची टोकं. प्रत्येक काडी तिला सुरीसारखी वाटत होती, आणि त्या प्रत्येक सुरीवरून सासूबाईंचा तो मुका, काही न सांगणारा तळवा चालत गेला होता. वळणं चुकवायला ती मातीची वाट सोडून झुडपांतून आडवी वर चढली, दानबीला ओढत.

वर पोचली आणि हबकली. समोर चाळीसेक सासूबाई चालत होत्या. सगळ्यांचे केस कुरळे, सगळ्यांच्या डोक्यावर उन्हाच्या टोपीची हनुवटीपर्यंत उतरलेली काळी झापड, हातांवर फुलाफुलांच्या सुट्या बाह्या, अंगात कापूस भरून शिवलेलं लाल बिनबाह्यांचं जाकीट. यातल्या आपल्या कोणत्या?

तेवढ्यात पुढची एक डुलली. जाकीट तेच, पाठ तीच, थोडी डावीकडे झुकलेली चालही तीच. मीराननं धावत जाऊन तिला मागून कवेत घेतलं, झापड वर केली, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि लिमलेटची गोळी दातांत सरकवली.

“आई, चघळा! बोलू नका! आधी चघळा!”

“ही आजी नाही,” दानबी म्हणाली. “आजीचे कान लांब आहेत.”

नव्हतीच. एक अनोळखी बाई गाल फुगवून, डोळे वटारून तिच्याकडे बघत होती.

“कुणाची गं तू सून?” गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेत तिनं विचारलं. “आणि मला कशाला चारतेस?”

“चुकलं हो, माफ करा. माझ्या सासूबाईंना साखर आहे. उपाशी आल्यात. बूट इथे, त्या कुठे पत्ता नाही. चक्कर येऊन कुठे पडल्या असल्या तर...” आणि मीरानच्या डोळ्यांत पाणीच आलं.

बाईचा राग क्षणात उतरला. तिनं खाली अध्यक्षांना हाक मारली, अध्यक्षांनी कर्णा उचलला. “ऐका, ऐका! लाल जाकिटातल्या एक आजी, साखरेच्या पेशंट, चक्कर येऊन पडल्या आहेत! सगळ्यांनी आजूबाजूला बघा!”

“पडल्यात असं मी म्हटलं नव्हतं हो!” मीरान ओरडली. पण कर्णा तिच्यापेक्षा मोठा होता.

सगळ्याजणी थांबल्या. लाल जाकिटं एकमेकींकडे बघू लागली. निम्म्या बायकांना साखर होतीच, उरलेल्यांना आपल्याला असावी अशी शंका होती. आपण काय खाऊन आलो ते प्रत्येकजण आठवायला लागली आणि बघता बघता तिघी मटकन खाली बसल्या. कुणी वारा घातला, कुणी लिमलेट वाटल्या. ‘सापडल्या आजी’ म्हणत प्रत्येकीपाशी मीरानला बोलावणं येत होतं. ती जीव मुठीत धरून धावत होती आणि दर खेपेला झापड वर केली की परका चेहरा. खाली रुग्णवाहिकेला फोन गेल्याचंही कुणीतरी सांगितलं. आता मीरानला सासूबाई फक्त स्ट्रेचरवरच दिसत होत्या. नवऱ्याला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळू लागली आणि एकही पुरं होईना.

शेवटच्या वळणावर मातीच्या वाटेशेजारून फरसबंदी पायवाट जात होती. तिथल्या बाकापाशी एक लाल जाकीट टाचा उंचावून गर्दीकडे बघत उभं होतं. एका हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेलं अर्धं उकडलेलं रताळं, दुसऱ्या हातात लिमलेट, सोलून तयार.

“अगं, तू इथे?” सासूबाई म्हणाल्या. “कोण पडलंय म्हणे? ही गोळी द्यायला मघापासून थांबलेय. मला कुणी पुढेच जाऊ देईना, बूट आहेत म्हणून.”

मीराननं खाली बघितलं. सासूबाईंच्या पायांत जांभळे बूट होते. चंदेरी फुलावर एक हिरवा बेडूक चिकटवलेला होता.

“तो मी लावलाय,” दानबी म्हणाली.

मीरान बाकावर कोसळलीच. “आई... अहो, मग हे कुणाचे?”

“माझे!” मागून गर्जना आली. मालसुनबाई चिखलानं भरलेल्या पायांनी धावत येत होत्या. “चोर कुठली! मांडणीवरून माझे बूट... अरे, मीरान?”

“एकावर एक जोड फुकट आली नव्हती का टीव्हीवाल्यांची?” सासूबाई म्हणाल्या. “माझ्याच मापाचे तिचेही पाय. दिले तिला.”

“पण तुम्ही उपाशी आलात! भाताची वाटी पालथी होती!”

“रताळं खाल्लं ना. कुकर लावला की तो मोठ्यानं बोलतो, भात तयार आहे म्हणून. तुला जाग येते.”

“आणि हे पाकीट?”

“पाकीट कशाला मिरवायचं? खिसा भरून घेतलाय.” त्यांनी खिसा वाजवून दाखवला. “डॉक्टरांनी जे जे सांगितलं ते ते करतेय मी. चाला म्हणाले ते. तू मला फ्रिजपासून बाल्कनीपर्यंत चालवतेस. रोज फ्रिजला भेटून काय करू गं मी?”

“मला सांगून यायचं ना.”

“सांगितलं असतं तर सोडलं असतंस?”

मीराननं काखेतले बूट मालसुनबाईंपुढे केले. खालून येणारा रुग्णवाहिकेचा भोंगा आणि “काही नाही, काही नाही, परत जा!” असा अध्यक्षांचा कर्णा ती नुसती ऐकत राहिली.

“आई,” दानबी वाकून म्हणाली, “तुझी माती जास्त लाल आहे.”

सगळ्यांनी बघितलं. फरसबंदीवर मीरानच्या डाव्या पायाचे ठसे उमटले होते. मातीचा रंग तांबडा होता. हा त्याहून गडद, ओला.

सासूबाईंनी तिला दंडाला धरून पाय धुवायच्या नळाशी नेलं, ओट्यावर बसवलं, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि पाणी सोडलं. तळव्यात काचेचा तुकडा रुतला होता, बोटभर रेघ ओढून. झुडपांतून आडवं चढताना कधीतरी.

“मालसुन, तुझा तो वाचायचा चष्मा दे इकडे.” डोळे बारीक करून, एकेक बोट बाजूला करून त्यांनी सगळा पाय बघितला. मग हलकेच तुकडा ओढून काढला आणि स्वतःचा रुमाल घट्ट बांधला. “एवढं मोठं कापलंय. कळलं नाही तुला?”

“नाही आई,” मीरान म्हणाली. “कळलंच नाही मला.”

बोलली आणि आपलंच वाक्य तिच्या कानात अडकलं. सासूबाईंनीही मान वर केली.

“दवाखान्यात दाखवू हे आधी. भरलं की मग ये माझ्याबरोबर,” सासूबाई रुमालाची गाठ पुन्हा तपासत म्हणाल्या. “बूट घालून. आणि काहीतरी खाऊन. काल रात्री जेवली होतीस का तू नीट?”

मीरान आठवू लागली. दानबीचं ताट आठवलं, सासूबाईंचं ताट आठवलं, बॅटरी आठवली.

दानबी ओट्यावर चढून आईच्या शेजारी बसली. आजीच्या मांडीवरच्या त्या रुमाल बांधलेल्या पायाकडे ती बराच वेळ बघत होती.

“आई,” तिनं विचारलं, “आजीचे पाय तू रोज रात्री बघतेस. माझे पण बघतेस. तुझे कोण बघतं?”