आमच्या टोकाची गोलकीपर

कुठलीही गोष्ट कुणालाही समजावून सांगता येते, फक्त सांगणाऱ्याकडे धीर हवा. हे मी उभा जन्म सांगत आलोय. शाळेतून निवृत्त झालो तरी संध्याकाळी आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतली पोरं माझ्याकडे गणिताला येतात. लसावि आणि मसावि यांतला फरक तर मी आमच्या वॉचमनलाही समजावलाय, आणि तोही त्याने विचारलेला नसताना.

तर सांगायचं होतं हॉकीचं.

आमच्या सोसायटीमागे एका कॉलेजचं मैदान आहे. मैदानाला जाळी, जाळीबाहेर एका टोकाला, गोलच्या अगदी मागे, एक बाक. शिकवणी संपली की मी, शेजारचे श्यामकांत आणि तळमजल्यावरच्या वनमालाबाई त्या बाकावर जाऊन बसतो. मागून शिकवणीतली पोरंही येतात. कॉलेजच्या मुलींचा हॉकीचा सामना असला की आम्ही पोहोचेपर्यंत मध्यंतर झालेलं असतं. उरलेला सामना आम्ही मात्र जाळीला नाक लावून बघतो.

कारण गोलकीपर आमच्या घरची. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या नीलाची गंधाली. अपूर्णांक माझ्याकडेच शिकली. आता डोक्याला हेल्मेट, पायांना गादीएवढे पॅड बांधून गोलमध्ये उभी राहते. तोंड दिसत नाही, पण आपलं मूल पाठमोरंही ओळखू येतंच की.

आणि काय अडवायची! यंदा बॉल सारखा आमच्याच टोकाला असायचा. ही कधी लाथेने उडवायची, कधी आडवी पडायची. दर सामन्याला तिचा शर्ट वेगळा. वनमालाबाईंना त्याचं फार कौतुक. "नीलाने पोरीला शर्ट मात्र भरपूर घेऊन दिलेत हो," म्हणायच्या. कधी ती उंच दिसायची, कधी ठेंगणी. श्यामकांत म्हणाले, "पॅडमुळे तसं होतं."

एकदा शिकवणीतल्या सईने विचारलं, "आजोबा, निळ्या शर्टवाल्या आपल्या ना?"

"हो बाळ."

"मग त्या आपल्याच गोलकडे का धावतात?"

प्रश्न चांगला होता. चांगल्या प्रश्नाला मी कधी रागावत नाही. "असं बघ," मी म्हटलं, "वजाबाकीत एकक कमी पडले की आपण मागे जाऊन दशकाकडून हातचा घेतो की नाही? तसाच बॉल आधी मागे न्यायचा, मग पुढे."

"आणि आपल्याच गोलमध्ये गेला तर त्या उड्या का मारतात?"

"याला खिलाडूवृत्ती म्हणतात. दुसऱ्याच्या यशातही आनंद मानायचा."

सगळ्या पोरांनी माना डोलावल्या. मला आतून बरं वाटलं.

सीझन संपला. अंतिम सामना मुलुंडच्या कॉलेजशी झाला आणि आपण एका गोलने हरलो. मुली मैदानात बसून रडत होत्या. "तो गोल आपण यायच्या आधीच झाला असणार," मी पोरांना समजावलं. "आपल्यासमोर तर गंधालीने एकही जाऊ दिला नाही."

त्यानंतर एका संध्याकाळी कॉलेजचे खेळाचे प्राध्यापक हर्षद सर बाकापाशी आले.

"काका, आमच्या टीमला चाहते असे तुम्हीच. पोरींच्या घरचेसुद्धा येत नाहीत. यंदा चाहत्यांचा पुरस्कार ठेवलाय. सीझनमधली सर्वोत्तम खेळाडू तुम्ही निवडायची, आणि समारंभात दोन शब्दही तुम्हीच बोलायचे."

दोन शब्द! मला खडू दिसला की फळा आपोआप दिसतो.

ही बातमी नीलाला सांगितली तर ती भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"काका, घरात शिरलं की त्या पॅडचा वास येतो. देवघरापर्यंत येतो. एवढी वर्षं खेळतेय, एकदा कुणी नाव घेऊन स्टेजवर बोलावलं नाही. मी तिला सांगून ठेवलंय, यंदा काही मिळालं तर खेळ. नाहीतर पॅड भंगारात आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास."

"तू फक्त चांगली साडी नेसून ये," मी म्हटलं. "बाकी माझ्यावर सोड."

अर्थात मी वशिला लावणाऱ्यातला नाही. बाकावर रीतसर मतदान घ्यायचं ठरवलं. पण मतदार तयार हवेत ना! श्यामकांतांना पुरस्कार अंपायरला द्यायचा होता.

"एवढी शिट्टी वाजवतो, पण कुणावर ओरडत नाही. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला असा माणूस पाहिजे."

"अहो, तो खेळाडू नाही."

"धावतो तर सगळ्यांपेक्षा जास्त."

वनमालाबाईंचं म्हणणं, सगळ्यांनाच उत्तेजनार्थ द्या. गणपतीत नाही का आपण देत? एका पोराला द्यायचं राहिलं की त्याची आई दिवाळीपर्यंत बोलत नाही.

मी न चिडता दोघांना खेळ पहिल्यापासून समजावला. गोल म्हणजे काय, गोलकीपर का महत्त्वाची. शेवटी मुलांसकट सगळ्यांनी हात वर केले. गंधाली, एकमताने. तरी श्यामकांतांनी अंपायरसाठी दुसरा हात वर केलाच.

समारंभ कॉलेजच्या हॉलमध्ये होता. नीला पहिल्या रांगेत, मोरपंखी साडीत, मोबाइल समोर धरून. आमची बाकावरची मंडळी तिच्या शेजारी. निळ्या शर्टातल्या मुली बाजूला ओळीने बसलेल्या. मी माईक हातात घेतला, गंधालीचं नाव पुकारलं, ती लाजत वर आली. आणि मी अंतिम सामन्याचं वर्णन सुरू केलं.

"शेवटची काही मिनिटं. समोरच्या संघाने जिवाचा आटापिटा चालवलेला. पेनल्टी कॉर्नरमागून पेनल्टी कॉर्नर! एक पायाने अडवला, एक छातीवर घेतला. शेवटचा तर ही मुलगी आडवी झेप घेऊन, अगदी आमच्या नाकासमोर..."

हॉल एकदम शांत झाला. मला वाटलं, रंगलाय. कॅप्टन मानसीने हळूच हात वर केला.

"सर, ते कॉर्नर मी मारले होते."

"शाबास!" मी म्हटलं, आणि मग तिने काय सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरलं.

गंधाली माझ्या कानाशी कुजबुजली, "आजोबा, ती मुलुंडची गोलकीपर होती." पण माईक तिच्या तोंडाशी होता.

"मुलुंडची?" वनमालाबाई उभ्या राहिल्या. "मग त्याच्या आधी, पिवळा शर्ट घातला होतास तेव्हा?"

"ती घाटकोपरची."

"आणि ती ठेंगणी?"

"ती अंधेरीची, आजी."

"अगं, मग तू होतीस कुठे सीझनभर?"

"दुसऱ्या टोकाला. मध्यंतरानंतर बाजू बदलतात ना."

सगळा उलगडा हर्षद सरांनी केला. पाहुण्यांना बाजू निवडू द्यायची, ही त्यांच्या कॉलेजची जुनी रीत. उत्तरार्धात मावळतीचं ऊन गोलकीपरच्या डोळ्यांवर येतं, म्हणून प्रत्येक पाहुणा तेव्हा आमच्या बाकाची बाजू घेतो. आमची पोरगी राहते समोर, उन्हात तोंड करून. म्हणजे सीझनभर आम्ही पाहुण्यांना टाळ्या वाजवल्या, आणि आपल्या मुलींनी गोल केला की कपाळाला हात लावला!

"आम्हाला वाटायचं, तुम्हाला आम्ही आवडत नाही," मानसी म्हणाली.

"पण मी येता-जाता तुला शाबासकी द्यायचो," मी गंधालीला म्हटलं. "तू कधी बोलली नाहीस ते?"

"मला वाटलं, माझ्याकडून गोल गेला म्हणून समजूत घालताय."

एवढ्यात मागून सईचा आवाज आला, "आजोबा, म्हणजे हातचा घेतला नव्हता?"

हॉल हसून कोसळला. मी माईककडे असा बघत राहिलो, जशी गृहपाठ न केलेली पोरं माझ्याकडे बघतात. गंधालीने ट्रॉफी परत माझ्या हातात ठेवली. "ही मुलुंडला पाठवा. खरंच भारी खेळली ती."

माझं सगळं लक्ष नीलाकडे. तिने मोबाइल खाली ठेवला होता. आता पॅड भंगारात जाणार, आणि त्यांवर बसून मीही. ती उठली. रागावली की तिच्या तोंडी माहेरची मालवणी येते.

"माका एक सांगा," ती म्हणाली. "माझा चेडू सगळो सीझन डोळ्यांत ऊन घेऊन उभा रव्हला, आणि बघूक एक माणूस नाय?"

तिने आम्हा बाकावरच्यांकडे बोट रोखलं.

"त्या मुलुंडवालीला तीन म्हातारे टाळ्या वाजवतात, आणि माझ्या पोरीला कोण नाही." ती गंधालीकडे वळली. "पुढच्या वर्षी खेळायचं. क्लास-बिस राहू दे. मी येणार बघायला. आणि काका, तुमचं बाक त्या टोकाला न्यायचं."

गंधालीने स्टेजवरून उडी मारून आईला मिठी मारली. ती झेप बघून मला प्रथमच कळलं, ही पोरगी गोलकीपर आहे.

ट्रॉफी मुलुंडला गेली. त्यांच्या सरांचा फोन आला. हरलेल्या संघाच्या चाहत्यांनी इतक्या मोठ्या मनाने बक्षीस दिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं म्हणे. मी फक्त 'हं हं' केलं.

या वर्षी बाक दुसऱ्या टोकाला नेलं. पहिल्या सामन्याला नीला आली. एवढा उत्साह, की मी शिकवणीला सुट्टी दिली आणि आम्ही सगळे सामना सुरू व्हायच्या आधीच हजर. डोळ्यांवर ऊन, म्हणून वनमालाबाईंनी पदर पुढे ओढलेला, श्यामकांतांनी नातवाचा काळा गॉगल लावलेला. आणि आमच्या समोरच्या गोलकीपरने काय झेप घेतली! नीला उठून उभी राहिली, जाळी हलवून ओरडली, "गंधाली! शाबास गो बाय माझे!" डोळ्यांत पाणी. वनमालाबाईंच्याही.

मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथे, आमच्या जुन्या बाकाच्या रिकाम्या जागेपुढे, एक ओळखीचं हेल्मेट एकटंच उभं होतं.

पूर्वार्ध चालू होता.

सईने माझी बाही ओढली. मी तिला हळूच गप्प केलं. विद्यार्थ्याची चूक विद्यार्थ्यालाच सापडू द्यावी, असं माझं आपलं तत्त्व आहे. निदान मध्यंतरापर्यंत तरी.