गडग्यापाशी थांबलेलं कोर्ट

वडघर तालुक्याचं दिवाणी न्यायालय दर बुधवारी चालत गावोगाव जातं. इमारतीला पाय पहिल्यापासून होते; ते वापरायचा आदेश कोणी काढला नव्हता. न्यायाधीश मृणालिनी काळसेकर बदलून आल्या आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात तो काढला. जिल्ह्याहून विचारणा झाली, की इमारत आवार सोडून कशी गेली. मॅडमनी कळवलं, की आवार सोडलेलं नाही, सोबत नेलेलं आहे. पुढे त्यावर काही आलं नाही.

मी कोर्टाच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. ओटा जातो तिथं मी जातो. उतारावर टेबल धरावं लागतं, एवढंच.

त्या बुधवारी आम्ही कोंडवलीला गेलो, हौसाबाई दळे यांच्या दाव्यासाठी. हौसाबाईंच्या घराला बाहेर पडायची एकच वाट. तिच्यावर त्यांचे चुलतदीर तुळशीराम यांनी दगड रचून आडवा गडगा घातला होता. दावा दाखल करून परतताना, तोच गडगा ओलांडताना, हौसाबाई पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. मागे कडा, पुढे गडगा. खाट वरून नेता येईना. त्यामुळे दवाखाना राहिला आणि तारखाही चुकत गेल्या. आज त्यांची साक्ष झाली नाही, तर दावा फेटाळला जाणार होता.

कोर्ट गडग्यापर्यंत व्यवस्थित गेलं आणि थांबलं. पलीकडे हौसाबाईंचं दार दिसत होतं.

"मॅडम, एक पाय टाकला की पलीकडे," शिपाई गायकर म्हणाले. "इमारतीला गडग्याचं काय एवढं?"

"जागा वादातली आहे. तिच्यावर कोर्टानं पाय ठेवला तर साक्षीआधीच निकाल दिल्यासारखं होईल. दोन्ही पक्षांची संमती असेल तरच जाऊ."

तुळशीरामांचे वकील शेवाळे व्हरांड्याचा खांब धरून उभे होते. ते म्हणाले, "आमची संमती नाही. इथं वाट कधी नव्हतीच, हेच आमचं म्हणणं आहे."

"मग थांबू," मॅडम म्हणाल्या.

पलीकडून हौसाबाईंचा आवाज आला, "बाईसाहेब, आलात व्हय? मी हितंच हाय. जाणार कुटं?"

गायकरांनी विचारलं, "हजेरी लावू का?"

"हौसाबाई कोर्टात आल्याशिवाय नाही."

ऊन चढलं. कौलं तापली. कोर्ट एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेऊ लागलं, तेव्हा आतल्या कपाटांचे आवाज व्हायला लागले.

कोंडवलीत अशी रीत आहे, की पाहुणा ज्याच्या हद्दीशी येऊन थांबेल, त्यानं त्याच्या पायांवर पाणी घालायचं आणि त्याला सावलीत न्यायचं. भांडण असलं तर ते नंतर. तुळशीराम घागर घेऊन आले आणि खाली वाकून कोर्टाच्या एकेका पायावर पाणी घालू लागले.

"अहो, हे काय करताय?" शेवाळे वरून म्हणाले.

"मग उन्हात उभा ठिवू पाहुण्याला? दळ्यांच्यात असं कधी झालं न्हाई." तुळशीरामांनी चौथा पाय धुतला आणि मॅडमकडे पाहिलं. "चला, पल्याड आमचं खळं हाय. आंब्याची सावली हाय."

"कुठल्या वाटेनं येऊ?" मॅडमनी विचारलं.

"ह्याच की. आमचा आजा बैलगाडी ह्यातनंच न्यायचा. दुसरी वाट हाय कुटं?"

शेवाळे वकिलांनी डोळे मिटले. आत टंकलेखन चालू होतं.

मॅडम म्हणाल्या, "तुळशीराम, तुम्ही बोललात ते नोंदवलं जातंय. त्याचा दाव्यावर परिणाम होईल. समजतंय ना?"

तुळशीरामांनी रिकामी घागर खाली ठेवली. गडग्याकडे बघितलं, मग ओल्या पायांकडे.

"लिवा," ते म्हणाले. "चला म्हटलंय पाहुण्याला. आता नका येऊ म्हणू व्हय? वकीलसाहेब, उतरा खाली. दगडाला हात लावा."

शेवाळ्यांनी कोट काढून माझ्या टेबलावर ठेवला. मधला गडगा काढून झाल्यावर कोर्ट त्या वाटेनं पलीकडे गेलं आणि आंब्याखाली बसलं. तुळशीराम आणि गायकर यांनी हौसाबाईंची खाट पायऱ्यांवरून आत आणली.

"भावजी, खाट वाकडी धरलीया," हौसाबाई म्हणाल्या. "गडगा मातूर सरळ घातला व्हता."

"गप पडा वैनी. दार अरुंद हाय."

गायकरांनी पुकारा केला. हौसाबाई म्हणाल्या, "हजर." साक्ष झाली, उलटतपासात शेवाळ्यांनी काही विचारायचं नाही असं सांगितलं, आणि वाट कायम मोकळी ठेवण्याचा हुकूम झाला. तुळशीरामांनी त्यावर सही केली आणि सगळ्यांना ताक दिलं.

निघताना खाट उतरवायला गायकर पुढे झाले, तर मॅडम म्हणाल्या, "राहू दे. आपल्याला त्याच बाजूनं जायचंय."

कोर्ट उतारावरून सावकाश आलं. हौसाबाई खिडकीतून झाडं बघत होत्या. ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकापाशी कोर्टानं पुढचे पाय दुमडले आणि खाट खाली घेतली.

परिचारिकेनं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

"कोर्ट," मॅडम म्हणाल्या.

"आत एकालाच सोडतो आम्ही."

तुळशीराम आत गेले. कोर्ट फाटकाबाहेर, रिक्षांना वाट ठेवून, थांबलं.