खिशावरचा गोल ठसा

जाकिटाच्या उजव्या खिशावर गोल ठसा उमटला होता, आणि तो आपला नव्हे याची कारागिराला खात्री होती.

कारागीर हे नाव बायकोने ठेवलेलं. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाने जुन्या कारखान्यातल्या कामगारांसारखं जाकीट आणल्यावर ती दुसरं काय म्हणणार? हातमागाचं जाड कापड, खऱ्या निळीच्या पिंपात पुन्हा पुन्हा बुडवून रंगवलेलं. दुकानदाराने बजावलं होतं, "वर्षभर धुवायचं नाही. एकट्यानेच घालायचं. तुम्ही जसं वागाल तसं ते फिकं होत जाईल." वर्षाअखेरीस सर्वांत सुंदर मुरलेलं जाकीट दुकानाच्या काचेच्या कपाटात लागायचं, खाली घालणाऱ्याच्या नावासकट. त्या कपाटावर कारागिराचा जीव जडला होता.

आणि आता हा ठसा! कोणीतरी चोरून जाकीट घालत होतं.

पहिला संशय मेहुण्यावर. घराची दुरुस्ती चालू म्हणून तो इथे मुक्कामाला होता.

"माझा भाऊ? त्याचा एक हात तरी शिरेल का त्यात?" बायको म्हणाली.

"मग तू."

"मी? त्या वासाच्या आसपासही फिरकत नाही मी!"

बाबांवर संशय घेण्यात अर्थच नव्हता. ते निवृत्त फिटर. जाकीट बघून म्हणाले होते, "अख्खी नोकरी असल्यात काढली. सुटलो एकदाचा."

पण निळीचा रंग अंगाला लागतो, हे कारागिराला ठाऊक होतं. रात्री सगळे जेवायला बसले तेव्हा तो ओला पांढरा रुमाल घेऊन मागून आला आणि एकेकाची मान पुसू लागला. मेहुण्याची मान निळी. बायकोची मान निळी! बाबांनी सवयीप्रमाणे कॉलरमध्ये घडीचा रुमाल खोचला होता. तो बाजूला केला तर मान लख्ख.

"म्हणजे दोघं भावंडं सामील आहात!"

"अरे, रोज जाकीट घालून सोफ्यावर लोळतोस, सोफा निळा झालाय," बायको ओरडली. "आम्ही बसायचं कुठे?"

कारागिराला ते पटलं नाही. मेहुणा ताटावरून उठला आणि सकाळी बॅग घेऊन अर्धवट दुरुस्त झालेल्या घरी गेला. बायकोने बोलणं टाकलं. बाबा काहीतरी बोलायला आले, खाकरले आणि परत गेले. ठसा मात्र दिवसेंदिवस ठळक होत गेला. बायको मुद्दाम करते आहे, असं कारागिराने मनाशी पक्कं केलं.

वर्ष संपलं. दुकानात जायच्या दिवशी बाबा म्हणाले, "मीही येतो." कारागिराला त्याचाही जरा संशय आला.

दुकानदाराने जाकीट दिव्याखाली धरलं आणि त्याचा चेहराच बदलला. "वा! कोपरं बघा, वाकून कानस चालवणाऱ्याची. खिशात मोजपट्टीची गोल डबी. आणि कॉलर तेवढी गडद राहिलीय, म्हणजे आत रुमाल खोचलेला. जुने फिटर असंच करायचे."

कारागीर सावकाश मागे वळला. बाबा छताकडे बघत होते. कॉलरमध्ये रुमाल होता.

"पहाटे तू झोपलेला असतोस," ते पुटपुटले. "मागच्या खोलीत काहीबाही घासत बसतो. हे अंगावर नसलं की हात चालत नाही रे. तुझा मेहुणा निघाला तेव्हा सांगणार होतो, पण तू जाकीट कुलपात ठेवलं असतंस."

कारागिराला राग आला, लाज वाटली, आणि मग नुसतीच लाज उरली.

"कपाटात हेच लागणार," दुकानदार म्हणाला. "पण पाठीवर हा चकचकीत चट्टा कसला? कोणीतरी नुसतं खुर्चीला टेकून बसल्यासारखा. एकट्यानेच घातलंय ना?"

वर्षभरात कारागिराने जाकिटावर उमटवलेलं एवढंच होतं.

"एकट्यानेच," बाबा ठामपणे म्हणाले. "वय झालं. टेकतो अधूनमधून."

"मग नाव कोणाचं लिहू?"

"बाबांचं," कारागीर म्हणाला.

बाहेर पडल्यावर बाबांनी कॉलरमधला रुमाल काढून त्याच्या हातात दिला. "हा घे. आधी सोफा पूस. मग तुझ्या मेहुण्याकडे जाऊ. घर अजून अर्धवटच आहे त्याचं; परत आणताना त्याची बॅग मी उचलतो."