वर्तककाका आणि गोडेतेलाचा थेंब

वर्तककाका कुणाच्या घरी गेले की आधी बसत नाहीत. शर्टाच्या खिशातून औषधाची छोटी बाटली काढतात आणि समोर जे काही असेल, सोफा, पडदा, टेबलक्लॉथ, त्यावर ड्रॉपरने गोडेतेलाचा एक थेंब सोडतात. मग चष्मा कपाळावर सरकवून, नाक जवळजवळ टेकवून बघत राहतात. तेल कापडात पसरून मस्त डाग पडला की त्यांचा चेहरा खुलतो. "मुरलं! सुटलात!" म्हणून ते घरमालकाचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवतात. आपण कशातून सुटलो हे त्या बिचाऱ्याला कळत नाही, तो सोफ्याकडे बघत असतो.

न्यू पनवेलच्या आमच्या सोसायटीत काकांना सगळे टरकून असतात. ते जिना चढताना दिसले की आमची ही नव्या पडद्यांवर जुनी चादर टाकते. माझ्या मेहुणीच्या लग्नात तर काकांनी बुफेच्या कागदी ताटल्यांवर एकेक करून थेंब सोडायला सुरुवात केली. हा म्हातारा काहीतरी करणी करतोय असं वरपक्षाला वाटलं आणि मुलाची आत्या जेवायलाच बसेना.

काका रिटायर्ड केमिस्ट. उभी हयात त्यांनी कापडाला पाणी न धरणारे लेप चढवण्यात घालवली, आणि आता त्यातल्याच, पाण्यासारखं तेलही न धरणाऱ्या आणि कधीच न कुजणाऱ्या एका जातीच्या रसायनामागे ते हात धुऊन लागले आहेत. "पाणी मेणावरसुद्धा उभं राहतं हो," ते सांगतात. "तेल उभं राहिलं, की समजायचं पाहुणा घरात आहे. आणि हा पाहुणा जायचं नाव घेत नाही. मातीत पुरा, पाण्यात सोडा, माशाच्या पोटात जाऊ दे. मरत नाही हो ते! तुम्ही-आम्ही जाऊ, ते राहणार."

मी हसायचो. नोटाबंदीच्या आदल्या वर्षी मात्र माझं हसू आटलं.

मी तळोज्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आम्ही छत्र्यांचं आणि रेनकोटचं कापड करतो. त्या वर्षी आमच्या जर्मनीच्या गिऱ्हाइकाने एक फॉर्म पाठवला. काकांच्या त्या पाहुण्याच्या कुळातली रसायनं तुमच्या कापडात आहेत का, असल्यास कोणती, किती, कुठून आली, हे सगळं लिहून सही करून द्या, नाहीतर माल घेणार नाही. माल न्हावा शेव्याहून सुटायला तीन आठवडे होते. त्या एका गिऱ्हाइकावर आमची रात्रपाळी चालायची. ते गेलं असतं तर निम्मी माणसं घरी बसली असती, आणि त्यात मी असतो.

मी स्टोअरचं रजिस्टर पहिल्या पानापासून तपासलं. तसलं काही विकत घेतलेलंच नव्हतं. सगळ्या रकान्यांत ठोकून 'नाही' लिहिलं आणि एकदा नजर घालावी म्हणून फॉर्म काकांकडे नेला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही.

"रजिस्टर काय सांगतं ते राहू दे. कापड काय सांगतं?"

दुसऱ्या दिवशी काका बाटलीसकट कारखान्यात हजर. इथल्या बाजारात जाणाऱ्या कापडाच्या ताग्यावर थेंब टाकला, मुरला. शेजारच्या, परदेशी जाणाऱ्या ताग्यावर टाकला. थेंब साबुदाण्यासारखा टुमटुमीत उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तो काही हलेना. दोन्ही तागे एकाच मशीनवर, एकाच लेपात बुडून निघालेले होते.

आमचे शेठ धावत आले आणि आल्या आल्या सगळ्यांवर उखडले. एकटे काका शांत होते. लेपाच्या टाकीवर पांडूमामा कोळी पंचवीस वर्षं काम करत होते, उरणकडचे. काका त्यांना घेऊन कँटीनमध्ये बसले आणि अर्धा तास फक्त मासळीवर बोलले. बोंबील यंदा कसा आहे, खाडीत पूर्वीसारखी निवटी मिळतात का, कालवणात चिंच की कोकम. मी बाजूला बसून नखं खात होतो. मग चहाचा ग्लास खाली ठेवत काका सहज म्हणाले, "मामा, परदेशी मालावर तुमची जरा जास्त माया दिसते."

पांडूमामा खाली बघून म्हणाले, "सायेब, आमी वायट काय नाय केला. जुन्या मालकाच्या टायमाचा एक डबा हाय. परदेशी माल निंगाला का टाकीत दोन झाकणं टाकतो. पानी कसां मोत्यावानी पलतं! लांब जातो माल, आपल्या कंपनीचा नाव नको जायाला."

डबा रजिस्टरच्याही आधीचा होता, म्हणून तो कुठल्याच रकान्यात नव्हता. इतकी वर्षं मामा घरच्या पोरीची पाठवणी करावी तसा माल नटवून पाठवत होते.

"ह्याला आत्ताच्या आत्ता गेटबाहेर काढा!" शेठ ओरडले.

"काढा," काका म्हणाले. "मग उद्यापासून तुम्हाला कुणी खरं सांगणार नाही. असे आणखी डबे कुठे असतील ते फॉर्मला विचारा."

मामा राहिले. नुसते राहिले नाहीत, काकांनी त्यांनाच पुढे घालून कारखान्याचा कोपरान् कोपरा धुंडाळला, आणि विनालेबलाचे आणखी तीन डबे निघाले. टाकी धुतली. धुण्याचं पाणी गटारात सोडायला निघालेल्यांवर काका असे धावून गेले की बास. "खाडीत जाईल ते! मामांच्या जाळ्यात येईल!" ते पाणी, ते डबे, ते सगळे तागे, सारं सीलबंद होऊन घातक कचऱ्याच्या अधिकृत गाडीतून गेला. मग नवा तागा काढला. या वेळी थेंब मी टाकला. तेल एक क्षण थांबलं, मग सावकाश पसरलं.

"मुरलं!" पांडूमामाच आधी ओरडले. "सुटलो!"

आयुष्यात कुठल्या डागाकडे बघून मला इतका आनंद झाला नव्हता. लॅबचा रिपोर्टही स्वच्छ आला, फॉर्म गेला, माल वेळेवर बोटीत चढला.

त्या संध्याकाळी पेढे घेऊन मी काकांकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. काका आतल्या खोलीत कपाटासमोर उभे होते. हँगरला बायकी मापाचा जुना निळा रेनकोट होता. काकू जाऊन नऊ वर्षं झाली. काकांनी त्याच्या बाहीवर एक थेंब सोडला. तो टुमटुमीत उभा राहिला. काका चष्मा कपाळावर सरकवून बघत होते, पण 'मुरलं' म्हणायची वेळ येणार नव्हती.

मला पाहून ते दचकले. "माझ्या हातच्या पहिल्या ताग्यातला," ते म्हणाले. "लग्नानंतर कर्नाळ्याला पक्षी बघायला गेलो, तेव्हा शिवून घेतला होता. एक थेंब आत गेला नव्हता. ती सगळ्यांना दाखवत सुटली होती." त्यांनी बोटाने तो थेंब टिपला. "आता ही पंचाईत बघा. हा कचऱ्यात टाकता येत नाही. जाळता तर मुळीच येत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे घरातच ठेवावा लागतो. हो ना?"

असा नियम नाही. अशा वस्तू ती घातक कचऱ्याची गाडी घेऊन जाते, हे मला काकांनीच शिकवलं होतं, आणि ती मंगळवारी पुन्हा येणार होती. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. ज्या माणसाने आख्खा कारखाना खऱ्यावर आणला, त्याच्याशी मी सरळ सरळ खोटं बोललो.

"हो काका. ठेवावाच लागतो."

"सुटलो," काका म्हणाले, आणि त्यांनी कपाटाचं दार हळूच लावलं.