चुडामणचा भोंगा

साक्री तालुक्यातल्या त्या गावात लाईट दिवसातून दोन-तीन तासच यायची, तीही तिच्या मनाला येईल तेव्हा. गहू ओंबीवर आलेला. लाईट आल्याबरोबर विहिरीवरची मोटार लावली नाही तर पाण्याची पाळी हुकलीच. म्हणून चुडामण पाटलाने मासिकातली सर्किटची आकृती पाहून यंत्र तयार केलं. लाईट आली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर भोंगा वाजेल आणि सगळ्या गावाला कळेल.

आकृती बघून त्याने वायर न् वायर जोडली. मोटारीच्या खोलीतला बल्ब लखलखत होता, भोंगा मात्र गप्प. तो कमजोर असेल म्हणून चुडामणने ट्रकचा मोठा भोंगा आणून बसवला. तोही गप्प.

"लाईट तं शे, मंग हाऊ मुका का बसना?" बायको सुंदरबाईने विचारलं.

"आकृतीमाच चूक व्हई," चुडामण म्हणाला. खोलीला कुलूप घालून, चावी कमरेला खोचून, मासिक घेऊन तो एसटीने पिंपळनेरला रेडिओवाल्या धनसिंगकडे गेला.

धनसिंगने आकृतीवर बोट ठेवलं. "पाटील, ह्या दोन टिकल्या बघा. वरचा पॉइंट लाईट आल्यावर चिकटतो, खालचा लाईट गेल्यावर. तुम्ही भोंगा खालच्याला जोडलाय."

"म्हंजे लाईट गई का..."

दुकानातला पंखा हळूहळू थांबला. दोघांनी वर पाहिलं.

"बोंबलणार," धनसिंग म्हणाला.

परतीची एसटी तासाभराने मिळाली. फाट्यावर उतरला तर भोंगा तिथपर्यंत ऐकू येत होता. चुडामण बांधाबांधाने पळत सुटला. नाल्यापाशी पोचतो तोच भोंगा गप्प झाला आणि गावाकडून माणसं धावत आली. सगळ्यांच्या पुढे धोतराचा सोगा धरून म्हातारा हिलाल आबा. आता आपली धडगत नाही, म्हणून चुडामणने गव्हात उडी मारली. पण माणसं त्याच्या जवळून सरळ आपापल्या विहिरींकडे गेली आणि धडाधड मोटारी सुरू झाल्या.

मोटार लावून आबा परत आला. "भाईर ये रे, गहू मोडस तू! काय यंतर बनाडं! कान फाटनात, कोनी झोपनंच नही. भोंगा गप झाया अन् समजनं, लाईट ऊनी. आख्खा गावन्या मोटारी टाइमवर लागन्यात!"

चुडामणची छाती फुगली. तरी आपलं यंत्र उलटं चाललं, हे त्याच्या मनाला लागलं होतं. संध्याकाळी लाईट जायच्या आत, कुणाला न सांगता त्याने वायर वरच्या पॉइंटला जोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली आणि भोंगा आकृतीबरहुकूम वाजला. चुडामण आपली मोटार लावून बांधावर ऐटीत उभा राहिला. अर्धा तास झाला, कुणीच येईना. शेवटी तोच गावात गेला. हिलाल आबा कानात कापूस घालून ओट्यावर आडवा.

"आबा, लाईट ऊनी!" चुडामणने त्याला गदागदा हलवलं.

आबाने डोळे न उघडता भोंग्याकडे बोट केलं. "गई शे. तो गप व्हऊ दे, मंग उठसू."

"मी ते कालच सुलटं करेल शे!"

आबा कूस बदलून झोपला. प्रत्येक दारी हीच तऱ्हा. घरी सुंदरबाईसुद्धा उशीखाली डोकं घालून पडलेली. मग चुडामणच्या ध्यानात आलं, भोंगा बंद केला की झालं! गाव आपोआप उठेल. तो धापा टाकत मळ्यात पोचला. वायर ओढायला हात पुढे केला, तोच भोंगा आपणहून थांबला. मागोमाग मोटारही थांबली.

"लाईट ऊनी रे!" गावातून एकच गलका उठला.

बांधावरून अख्खं गाव पळत येत होतं, सगळ्यांच्या पुढे हिलाल आबा. चुडामणने खोलीला आतून कडी लावली.